व्हाइस जरा डावीकडे का बसवला

विराबीन,
रविवार, १४ जुलै

प्रिय क्लेम,

पत्राच्या सुरुवातीला तुला आशीर्वाद देणार होतो, पण तू माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहेस हे आठवलं, म्हणून नमस्कारावर भागवतो. तब्येत कशी आहे? नवा गुडघा बसवून वर्ष होत आलं. तो आता तुझं ऐकतो की अजून आपलंच खरं करतो? तुझ्या लेकीच्या, जिलियनच्या, बिनमिठाच्या स्वयंपाकाबद्दल तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस ते मी थेल्माला हसत हसत वाचून दाखवलं. परिणाम असा झाला की आता आमच्याकडेही मीठ बंद आहे. (यापुढे असलं काही कळवत जाऊ नकोस.) आणि तुझ्या डाव्या अंगठ्याचं नख? ते अजून वाकडंच वाढतं का? साठ वर्षांनी हा माणूस नखाची चौकशी का करतोय असं तुला वाटेल. सहज विचारलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ऐन हिवाळा आहे, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ धरतं, पाऊस म्हणावा तसा नाही, गहू वीतभर वाढून ढगांकडे बघत उभा आहे. तुझ्या नॅन्सीने जाण्याआधी दिलेलं गुलाबाचं कलम यंदाही फुटलंय. थेल्मा त्याला कोणाला हात लावू देत नाही.

आता मूळ विषय. आपलं जुनं ड्रिल मशीन तू विसरला नसशील. रेल्वेचं वर्कशॉप बंद झालं त्या दिवशी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने घरी नेलं. तू लोखंडावर अक्षरं ठोकायच्या पंचांची पेटी नेलीस, मी गॅस्किनसाहेबांची खुर्ची नेली (फोरमनच्या खुर्चीत इतकं टोचतं हे आधी माहीत असतं तर आयुष्यभर तिच्यावर डोळा ठेवला नसता), आणि मशीन एका शेतकऱ्याने ट्रकवर घालून नेलं. पुढची वीस वर्षं त्यावर कोंबड्या बसल्या. तो शेतकरी वारल्यावर त्याच्या मुलाने ते आमच्या शेडला दिलं. आमची शेड म्हणजे निवृत्त म्हाताऱ्यांनी बायकांच्या पायात येऊ नये म्हणून गावाने काढून दिलेली जागा. तिथे आम्ही खेळणी दुरुस्त करतो, बाकं करतो आणि उरलेला वेळ एकमेकांच्या चुका काढतो. कोंबड्यांची कृपा चार दिवस खरवडल्यावर खालून मशीनचं ते आपलं लोखंडी टेबल निघालं, क्लेम. अठराच्या अठरा भोकं जागच्या जागी, आणि प्रत्येक भोकाशेजारी ठोकलेली नावाची अक्षरं. मी तिथेच लोखंडी डब्यावर बसलो. बाकीच्यांना वाटलं मला चक्कर आली.

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. की ड्रिलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला विसरून जो कोणी कामाबरोबर टेबलालाही भोक पाडील, त्याने पुढच्या चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्या भोकाशेजारी आपली अक्षरं ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्कशॉपला किचनर बन खाऊ घालायचे, जॅम आणि क्रीम भरपूर असलेले. आणि पंच गुन्हेगाराने स्वतः धरायचा, पण हातोडा मारायचा तो त्याच्याआधी ज्याने भोक पाडलं असेल त्याने. हे ऐकून आमचा सेक्रेटरी नेव्हिल नोस्के पांढरा पडला. नेव्हिल म्हणजे शाळेचा निवृत्त हेडमास्तर. तो चहाच्या किटलीलाही सूचनेची चिठ्ठी चिकटवतो. त्याने विचारलं की यात कोणाला इजा होत नसे का. मी म्हटलं, होत असे, त्यासाठीच तर होतं ते. मग मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. (राग मानू नकोस, तुझी गोष्ट विराबीनमध्ये फार लोकप्रिय आहे.) टेबलावर दोन भोकं असणारा एकमेव शिकाऊ उमेदवार म्हणजे आमचा क्लेम पॅस्को. पहिलं सगळ्यांदेखत पाडलं. दुसरं बासष्ट साली, जेवणाच्या सुट्टीनंतर गॅस्किनसाहेबांच्या नजरेला पडलं. सकाळपासून मशीनवर तूच होतास, फळ्यावर तुझंच नाव होतं. तू वाकून बघितलंस, डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "मीच पाडलं असणार. दुसरं कोण?" त्याआधीचं भोक वॉली हार्डविकचं, म्हणून हातोडा वॉलीच्या हातात गेला, आणि वॉलीने चष्मा घरी विसरल्याचं कोणाला सांगितलं नाही. सी नीट उमटला. पी तुझ्या अंगठ्यावर उमटला. हत्यारं बनवायच्या टूलरूमची जी एक मानाची जागा तुला मिळायची होती ती दोन भोकांच्या माणसाला देता येईना, म्हणून ती मला मिळाली, आणि तुझी रवानगी बॉयलरकडे झाली. माझ्या नावाचं टेबलावर एकही भोक नाही, हे मी जाता जाता सांगितलं. शेडमध्ये त्याची बरीच छाप पडली.

या छापेमुळेच पुढचं सगळं माझ्या गळ्यात आलं. मशीनला व्हाइस, म्हणजे काम जबड्यात घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, नव्हता. लोक काम हातात धरून भोकं पाडत. मे महिन्यात हेंकच्या हातून एक लोखंडी पट्टी सुटली, गरगर फिरली आणि भिंतीवरच्या 'सुरक्षितता प्रथम' या पाटीच्या बरोबर मधोमध लागली. हेंक म्हणजे हेंक डाइकस्ट्रा, तरुणपणी हॉलंडहून आलेला सुतार. लाकडात देवमाणूस, लोखंडात पाहुणा. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी शेड उघडायच्या आधी येऊन दारात उभा असतो, म्हणून आम्ही किल्लीच त्याच्याकडे देऊन टाकली. तर कमिटीने ठराव केला की मशीनला व्हाइस बसवावा आणि तो निवडायचं काम एकही भोक नसलेल्या माणसाने करावं.

व्हाइस निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं आहे, दुकानात सगळेच चांगले दिसतात. पहिला नेव्हिलने आणला, नवाकोरा, निळा, डब्यासकट. आवळला की त्याचा पुढचा जबडा मान वर करायचा आणि त्याबरोबर आपलं कामही तिरकं उठायचं. नेव्हिल म्हणाला, दिसायला मात्र छान आहे. मी म्हटलं, वाचनालयात ठेवू. दुसरा एका सभासदाने जावयाकडून आणला, कुठल्याही कोनात वाकणारा, आणि इतका उंच की त्यावर काम ठेवल्यावर ड्रिल शिरायला जागाच उरेना. तिसऱ्यासाठी मी हेंकला घेऊन एका शेतावरच्या लिलावाला गेलो. तिथली पद्धत तुला माहीत आहे, हवी ती एक वस्तू मिळत नाही, ती ज्या खोक्यात असेल ते अख्खं खोकं घ्यावं लागतं. आपला व्हाइस एका खोक्याच्या तळाशी होता, बसका, रुंद, जबडे सरळ, स्क्रू लोण्यासारखा फिरणारा. त्याच्यासोबत मेंढ्यांच्या शेपट्यांना घालायच्या रबरी कड्यांचा डबा, एक डावा बूट आणि तार नसलेलं अर्धं बॅन्जो घरी आलं. थेल्माने बॅन्जोबद्दल अजून काही विचारलेलं नाही, ते वादळ यायचंय. पण परतताना हेंकने व्हाइस मांडीवर घेतला होता, आणि वाटेत तो म्हणाला की बायको गेल्यानंतर गावाबाहेर पडायची ही पहिलीच वेळ. मला तो माणूस आवडतो, क्लेम.

मग बसवण्याचं महाभारत. तुझ्या माझ्या काळी हे शिकवलं जायचं, आता सांगायला लागतं: ड्रिलचा व्हाइस टेबलाला खिळवून टाकायचा नसतो. भोक जिथे हवं तिथे त्याला सरकता आलं पाहिजे, म्हणून बोल्ट टेबलाच्या खाचेतून वर घ्यायचे, खाली रुंद वॉशर घालायचा, जागा जुळली की मगच आवळायचं. पण व्हाइस टेबलावर ठेवला तर तीन पायांच्या कुत्र्यासारखा डुगडुगायला लागला. कारण उघड होतं. अठरा भोकांच्या कडा आणि ठोकलेली अक्षरं यांनी टेबल ठिकठिकाणी वर उचललं होतं. नेव्हिलने लगेच सूचना मांडली की पोर्ट पिरीच्या एका कारखान्यात टेबल पाठवून दोन मिलिमीटर तासून घ्यावं, म्हणजे आरशासारखं सपाट होईल.

दोन मिलिमीटर, क्लेम. अक्षरं जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल आहेत. वॉली गेला, बर्ट रोडा गेला, डॉनेली भाऊ दोघंही गेले, गॅस्किनसाहेब तर कधीच गेले (त्यांचंही एक भोक आहे, मागच्या कोपऱ्यात, आणि त्यांची अक्षरं सगळ्यांत सुबक आहेत). त्या टेबलावरची माणसं मी मोजली. तुझ्याखेरीज एकही हयात नाही. वर्कशॉप पाडलं, नाचांचा तो रेल्वे संस्थेचा हॉल पाडला, रूळ उखडून नेले. आम्ही तिथे होतो हे सांगणारी तेवढी एक लोखंडी फळी राहिली आहे, आणि तीही आमच्या चुकांची. ती सपाट झालेली मला बघवणार नाही. मी कमिटीला एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं की धारेच्या दगडाने नुसत्या वर आलेल्या कडा उतरवतो, पंधरा दिवस द्या. त्यांनी दिले. दर सकाळी तेल घालून मी भोकाभोवती दगड फिरवत बसलो आणि एकही अक्षर पुसू दिलं नाही. शेवटी व्हाइस बसला. डुगडुगणं थांबलं.

फक्त एक झालं. व्हाइस टेबलाच्या मध्यावर न बसता जरा डावीकडे बसला. जो येई तो विचारी, हा डावीकडे का? मी प्रत्येकाला शास्त्र समजावलं. की कामाचा झोक उजवीकडे जातो, खांब मागे आहे, जमीन थोडी उतरती आहे, आणि दक्षिण गोलार्धात तर हे विशेष पाळावं लागतं. नेव्हिलने ते लिहून घेतलं.

लिहून घेऊन गप्प बसला असता तर तो नेव्हिल कसला. टेबल तासायचं खूळ त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं; मागच्या सोमवारी कारखान्याला माप कळवावं म्हणून त्याने व्हाइस काढला, आणि खाली एकोणिसावं भोक. नवं, चकचकीत, शेजारी अक्षरं नाहीत. त्याने वहीत बघितलं, तर मशीन वापरणाऱ्यांत शेवटचं नाव हेंकचं. सगळे हेंककडे बघायला लागले. कोणी वाईट बोललं नाही, उलट जास्तच गोड बोलले, आणि तेच त्याला लागलं असावं. हेंकने वाकून बघितलं, मग आपले हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "मीच पाडलं असणार. हात थरथरतात हल्ली. दुसरं कोण?" (शब्द ओळखीचे वाटले. असो.) किल्ली त्याने खिळ्याला अडकवली आणि घरी गेला. आज रविवार झाला, तो आलेला नाही. नेव्हिलचं म्हणणं असं की हे टेबल लोकांना चुका करायला शिकवतं, तेव्हा आता ते तासूनच घ्यावं. गुरुवारी मतदान आहे. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं असं मला वाटतं. कोणी ते सुचत नाही.

असो. बाकी सर्व कुशल. गुडघ्याला जप. थेल्माने नमस्कार सांगितला आहे आणि जिलियनला भोपळ्याच्या केकची कृती पाठवली आहे, मिठासकट.

तुझा,
लिंडसे ट्रेंबाथ
(ज्याच्या नावाचं एकही भोक नाही)

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. तुझ्याकडच्या पेटीतले एल आणि टी हे दोन पंच पाठवशील का? घाई नाही. सहज हवे होते.

ता. क. २. (सोमवार) पाकीट चिकटवण्याआधी थेल्माने पत्र वाचायला घेतलं. पूर्ण वाचलं, चष्मा काढला, आणि एवढंच विचारलं की हेंकचा थर्मास अजून शेडमध्येच आहे का. आहे. खिडकीत आहे. म्हणून लिहितो: एकोणिसावं भोक माझं आहे. व्हाइस बसल्याच्या आनंदात मी एक पट्टी जबड्यातून डावीकडे बाहेर काढून लावली, ठोकळा खाली ठेवायला विसरलो आणि थेट टेबलात उतरलो. लोकांना 'आधी लाकूड, मग लोखंड' असं वर्षभर शिकवणारा मी! शेडमध्ये कोणी नव्हतं. व्हाइस तीन इंच डावीकडे सरकवला की भोक झाकलं जातं हे मला फार लवकर सुचलं. दक्षिण गोलार्ध नंतर सुचला. गुरुवारी सांगणार आहे.

ता. क. ३. (गुरुवार, संध्याकाळ) सांगितलं. आधी हेंकच्या घरी गेलो आणि त्याला दारातच सांगितलं, कारण आत बसलो असतो तर कॉफी पिऊन परत आलो असतो. तो आपले हात पुन्हा उलटेसुलटे करून बघायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे हे ठीक आहेत तर." मला शिव्या देईल म्हणून तयारी करून गेलो होतो, याची तयारी नव्हती. मग दोघं बेकरीत गेलो आणि बनांची खोकी घेऊन शेडमध्ये. मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं. नेव्हिलने वहीतलं दक्षिण गोलार्धाचं पान फाडलं. त्याचं तेवढंच दुःख दिसलं. हेंकने दोन बन खाल्ले, मिशीला क्रीम लागलं असताना हात वर केला आणि म्हणाला की टेबल तासू नये, कारण लिंडसेचं नाव अजून त्यावर यायचंय. नेव्हिल म्हणाला, बरोबर आहे, नोंद अपुरी ठेवून टेबल पाठवता येणार नाही. तेव्हा मतदान तुझे पंच येईपर्यंत पुढे गेलं, आणि पंच यायला तू लावशील तितका वेळ लागेल.

ता. क. ४. आता जे लिहितो ते शेडमध्ये सांगितलेलं नाही. ते आधी तुला कळायला हवं. बासष्ट साली, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू हात धुवायला गेलास तेव्हा मशीन चालूच होतं. मला माझ्या सायकलच्या कॅरियरला एक भोक हवं होतं. दोन मिनिटांचं काम. ठोकळा तेव्हाही विसरलो. तू येऊन 'मीच पाडलं असणार' म्हणालास तेव्हा मी तुझ्या मागे, हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं होतं, क्लेम, खरंच उघडलं होतं. मग वॉली पुढे झाला आणि मी ते मिटलं. टूलरूम तुझी होती. माझी चाळीस वर्षं, माझं नाव, जत्रेत लोक लोखंडकामाचा सल्ला विचारायला येत ते सगळं, त्या एका मिटलेल्या तोंडावर उभं आहे. तू बॉयलरकडे गेलास आणि तिथे बापाचा डबा घेऊन येणारी नॅन्सी तुला भेटली. त्या वर्षीच्या संस्थेच्या नाचाची दोन तिकिटं माझ्या खिशात होती. तिला विचारायला शब्द जुळवत होतो. मग ऐकलं की ती तुझ्याबरोबर जाते आहे. बरोबरच झालं असं मी तेव्हाही मनाशी म्हटलं होतं. ती असती तर हे तिलाही लिहिलं असतं. उशीर केला. मला माफ कर असं लिहून तीनदा खोडलं आहे, पण तेच म्हणायचं आहे.

ता. क. ५. पंच पोस्टाने पाठवू नकोस. नियम तुला ठाऊक आहे: हातोडा आधीच्या भोकवाल्याने मारायचा, आणि त्या टेबलावरचा हयात माणूस आता तू एकटाच. जिलियनला सांग, विमानतळावर मी आणि हेंक घ्यायला येऊ. दोनदा ठोकावं लागेल, एकदा नव्या भोकाशेजारी, एकदा तुझ्या बासष्ट सालच्या सी.पी.च्या शेजारी. पंच मी धरीन, डाव्या हातात. चष्मा आणायचा की घरी विसरायचा, ते तू ठरव.